रस्त्याकडे तोंड केलेली भिंत

सवाई जयसिंहाने १७२७ साली जयपूर वसविले, तेव्हा विद्याधर भट्टाचार्याच्या आराखड्यात मुख्य बाजारपेठांच्या दर्शनी भागांचाही विचार झालेला होता. दुकान कोणाचेही असो, रस्त्यावरून दिसणारे त्याचे रूप शेजाऱ्याच्या दुकानाशी मेळ राखणारे असले पाहिजे, असा राज्याचा आग्रह होता. पुढे १८७६ साली इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठी शहराला गुलाबी रंग दिला गेला, तोही घरमालकांच्या लहरीवर सोडलेला नव्हता. घरात काय असावे हे मालकाने ठरवावे. परंतु रस्त्याकडे तोंड केलेल्या भिंतीत वाटसरूचाही काही वाटा असतो, हे तत्त्व या नगररचनेने न बोलता मान्य केलेले दिसते.

मिर्झा इस्माईल हे १९४२ ते १९४६ या काळात जयपूर संस्थानचे पंतप्रधान होते. त्यांच्या कारकिर्दीत शहराला तटाबाहेर दक्षिणेकडे वाढ देण्याचे ठरले आणि इंग्रजी अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या ज्या वसाहती आखण्यात आल्या, त्यांतील एक म्हणजे सी-स्कीम. प्रशस्त रस्ते, आवारात मागे सरून बसलेले बंगले, सचिवालय आणि जयसिंहाचा पुतळा असलेला चौक, हे तिचे रूप राजस्थानात नोकरीनिमित्त राहिलेल्या वाचकांच्या परिचयाचे असेल. येथेच भगवानदास मार्गावर १९७६ साली राजमंदिर हे चित्रपटगृह उघडले. त्याची रचना नामजोशी यांची. हे आडनाव वाचून मराठी वाचकाला क्षणभर थांबावेसे वाटल्यास नवल नाही. तटाच्या आत दर्शनी भाग हा सर्वांचा मानला गेला होता. तटाबाहेरच्या नव्या शहरात मात्र तो हळूहळू जाहिरातीचा झाला.

कोणत्याही चित्रपटगृहात दोन प्रकारची चित्रे असतात. एक आत, पडद्यावर. ते तिकीट काढून, अंधारात, स्वखुशीने बसलेल्या माणसासाठी असते. दुसरे बाहेर, फलकावर. ते कचेरीला जाणाऱ्या स्त्रीला, शाळेच्या मुलाला, बसची वाट पाहणाऱ्या वृद्धाला, कोणालाही न विचारता भेटते. या दुसऱ्या चित्राविषयी एक प्रश्न अनेक वर्षे रेंगाळत आहे. कलेच्या नावाने मनाला हादरा देणारे चित्र सार्वजनिक जाहिरातीत असावे काय? आणि त्या हादऱ्याने अत्याचार सोसलेल्या एखाद्या स्त्रीची जुनी जखम पुन्हा वाहू लागत असेल, तर कोणी कोणासाठी बाजूला व्हावे?

जाहिरात ही कलाच नव्हे, असे म्हणून हा प्रश्न झटकून टाकण्याची सोय निदान मराठी माणसाला नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी मूकपटांच्या काळात आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके चित्रकाराच्या हाताने सजविली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे भित्तिपत्रक आपल्या देशातील सर्वांत जुन्या उपलब्ध सचित्र भित्तिपत्रकांत गणले जाते. मकबूल फिदा हुसेन यांनीही उमेदवारीच्या काळात मुंबईत चित्रपटांचे प्रचंड फलक रंगवून पोट भरले. तेव्हा फलकावरील चित्र कला असू शकते, हे मान्य करूनच पुढे जावयास हवे.

आपल्या कायद्याने या प्रश्नाकडे दीर्घकाळ एकाच खिडकीतून पाहिले. १८६८ साली इंग्लंडमध्ये हिकलिन खटल्यात जी कसोटी ठरली तिचा आशय असा, की ज्यांची मने सहज बिघडू शकतात त्यांना हा मजकूर बिघडवील काय? १९५४ साली मुंबईच्या जहांगीर कलादालनातील चित्रांवरून अकबर पदमसी यांच्यावर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. १९६४ साली पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने लॉरेन्सच्या कादंबरीच्या संदर्भात तीच कसोटी काही फेरफार करून मान्य केली. १९६९ साली दंडसंहितेच्या २९२ व्या कलमात साहित्य, कला व विज्ञान यांच्यासाठी अपवाद स्पष्टपणे घालण्यात आला. या साऱ्या वादात पात्रे दोनच: एक कलावंत आणि दुसरा, बिघडण्याचे भय असलेला प्रेक्षक. जिच्यावर प्रत्यक्ष तो प्रसंग ओढवला आहे, ती तिसरी व्यक्ती कोणाच्याच हिशेबात नव्हती.

ती हिशेबात येऊ लागली, ती महाराष्ट्रातील एका खटल्यामुळे. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना दोषमुक्त केले. १९७९ च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून उठलेल्या चळवळीचे फळ म्हणजे १९८३ ची कायदादुरुस्ती. तिने अशा खटल्यांची सुनावणी बंद दाराआड केली आणि पीडितेची ओळख छापणे हा गुन्हा ठरविला. नाव छापल्यानेही माणूस दुसऱ्यांदा घायाळ होतो, हे शासनाने प्रथमच मान्य केले. पण नाव झाकले गेले तरी प्रसंग झाकला गेला नाही. चळवळ पेटली त्याच १९८० साली ‘इन्साफ का तराजू’ हा चित्रपट आला आणि चांगला चालला. न्यायाची बाजू घेत असतानाच तो अत्याचाराचा देखावा मांडतो, ही टीका त्याच्यावर झाली.

पुढे १९८६ साली स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला प्रतिबंध करणारा कायदा झाला. तो २ ऑक्टोबर १९८७ पासून अमलात आला. या कायद्यातील एका बारकाव्याकडे सहसा लक्ष जात नाही. पुस्तके, चित्रे, छायाचित्रे यांविषयीच्या चौथ्या कलमात कला, साहित्य, प्राचीन शिल्पे आणि परिनिरीक्षण झालेले चित्रपट यांना अपवाद दिलेला आहे. जाहिरातींविषयीच्या तिसऱ्या कलमात मात्र असा अपवाद नाही. म्हणजे एकच चित्र ग्रंथात असेल तर त्याला कलेचा आधार घेता येईल. जाहिरातीत आले की तो आधार त्या कलमात सापडणार नाही. जयपूरच्या जुन्या बाजारपेठेतील तत्त्वच येथे कायद्याच्या भाषेत परत आले आहे.

हा भेद कलेचा द्वेष करणारा नव्हे. फुलनदेवींच्या आयुष्यावरील ‘बँडिट क्वीन’ हा चित्रपट १९९४ साली तयार झाला, तेव्हा खुद्द त्यांनीच त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती. पुढे त्यांची निर्मात्यांशी तडजोड झाली आणि १९९६ साली, दुसऱ्याच व्यक्तीने आणलेल्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाला मोकळीक दिली. त्यातील नग्नता वासना नव्हे, करुणा आणि संताप जागवते, असा न्यायालयाचा अभिप्राय होता. जयपूरजवळच्या भटेरी गावच्या भंवरीदेवींची कथाही आपल्याला ठाऊक आहे. बालविवाह रोखू पाहणाऱ्या या ‘साथिन’वर १९९२ साली सामूहिक अत्याचार झाला, १९९५ साली जयपूरच्या न्यायालयातून आरोपी सुटले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर १९९७ साली विशाखा निकाल लागला. २००० साली त्यांच्या कथेवर ‘बवंडर’ हा चित्रपट निघाला. अशा कलाकृती नसत्या तर मौनाचेच राज्य राहिले असते. आणि मौन हेही पीडितेच्या छातीवरचे ओझेच आहे. परंतु या दोन्ही कृतींना एक उंबरठा होता. तो ओलांडावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरविले.

उंबरठा नसलेल्या कलेचे उदाहरण २०१३ साली मिळाले. मुंबईच्या टॅपरूट या संस्थेने स्त्रियांवरील अत्याचारांविरुद्धच्या एका मोहिमेसाठी जाहिराती तयार केल्या. जुन्या दिनदर्शिकांतील दुर्गा, लक्ष्मी, सरस्वती यांची चित्रे जिवंत स्त्रियांना बसवून पुन्हा घडविली होती, आणि त्या देवींच्या चेहऱ्यांवर मारहाणीचे वळ व जखमा होत्या. हेतू स्वच्छ होता, कारागिरी उत्तम होती. अनेकांनी स्तुती केली; काहींनी विचारले, की मार न खाण्यासाठी स्त्रीने देवीच असावयास हवे काय? मला आणखी एक शंका येते. ते चित्र ज्याने कधी हात उगारला नाही आणि ज्याने कधी मार खाल्ला नाही, त्याला हलविण्यासाठी काढलेले आहे. जिने आरशात तोच सुजलेला डोळा पाहिला आहे, तिला त्यातून नवे काय कळणार? इतरांच्या जागृतीची किंमत तिच्या वेदनेने चुकती करावयाची, असा तो व्यवहार होतो. हेतू चांगला असतानाही जर असे घडते, तर निव्वळ विक्रीसाठी काढलेल्या चित्रांविषयी काय सांगावे? २०२२ साली सामूहिक अत्याचाराच्या भीतीवर विनोद करणाऱ्या एका सुगंधी द्रव्याच्या जाहिराती केंद्र सरकारला मागे घ्यावयास लावाव्या लागल्या.

यावर एक वजनदार आक्षेप आहे, आणि त्याचे उदाहरणही जयपुरातच घडले. २०१५ च्या नोव्हेंबरात जवाहर कला केंद्रात सिद्धार्थ करारवाल यांनी फुग्याच्या आधाराने एक कृत्रिम गाय आकाशात टांगली होती. प्लास्टिक खाऊन मरणाऱ्या गाईंकडे लक्ष वेधावे, हा तिचा हेतू. काहींच्या भावना दुखावल्या, पोलिस आले आणि गाय खाली उतरविली गेली. एकाच्या दुःखापुढे चित्र हटवावयाचे तर दुसऱ्याच्या रागापुढेही हटवावे लागेल, मग शिल्लक काय राहील? हे भय खरे आहे. तथापि या दोन मागण्या एकजातीय नाहीत. दुखावलेल्या जमावाचे म्हणणे असते, की हे चित्र कोणीच पाहू नये. अत्याचार सोसलेली स्त्री एवढेच म्हणते, की ते माझ्या वाटेवर उभे करू नका. पहिली मागणी कलेचे अस्तित्व नाकारते. दुसरी फक्त तिची जागा बदलते.

पाश्चात्त्य न्यायालयांनाही हा पेच सुटलेला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३२ साली युटा राज्याची तंबाखूच्या फलकांवरील बंदी उचलून धरताना, फलक माणसावर लादला जातो, हा मुद्दा मानला. त्याच न्यायालयाने १९७५ साली, रस्त्यावरून दिसणाऱ्या उघड्या चित्रपटगृहाच्या पडद्याबाबत, ज्याला नको त्याने नजर वळवावी, असे सुचविले. नजर वळविणे सोपे खरे. पण ती वळते चित्र पाहून झाल्यावर. जिची जखम पाहण्यानेच उघडते, तिला हा सल्ला उशिरा पोचतो.

या वाचकवर्गातील कित्येकांच्या मेजावरून फलकांच्या परवानग्यांच्या आणि शासकीय मोहिमांच्या फायली जात असतील. त्यांना अश्लीलतेचा जुनाच प्रश्न विचारण्याची सवय आहे. त्याच्या जोडीला दुसराही विचारावा. हे चित्र पाहणारा बिघडेल काय, एवढेच नव्हे. ज्याच्यावर हे घडून गेले आहे त्याला ते टाळता येईल काय? येत असेल, तर कलावंताचा हात धरण्याचे कारण नाही. येत नसेल, तर चित्र जाळू नये, झाकू नये. त्याला कलादालनाचे, ग्रंथाचे किंवा रंगमंचाचे दार दाखवावे. आणि मोहीम अत्याचाराविरुद्धच असेल, तर फलक चढण्यापूर्वी ज्यांनी तो सोसला आहे त्यांचे मत घ्यावे. त्या अमुक एक उत्तर देतील असे नव्हे, पण विचारल्यावाचून चढलेला फलक त्यांचा आहे असे कोणालाही म्हणता येणार नाही.