डाव्या बाजूचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्यापुढे गड, लढाया आणि तहनामे उभे राहतात. आज आपण ताटाच्या डाव्या बाजूला बसू. मीठ, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर यांची ती जागा. वाढप चमचाभराचं, पण या चमच्यात किती देश आणि किती शतकं एकत्र आली आहेत, हे पाहण्यासारखं आहे.

पहिल्यांदा काकडी घ्या. ती आपल्याच भूमीची. तिची रानटी, कडू जात हिमालयाच्या पायथ्याशी आजही उगवते. कोथिंबिरीचं मूळ पश्चिमेकडचं, परंतु तीही आपल्याकडे फार जुनी. ख्रिस्तपूर्व चौथ्या-पाचव्या शतकातला मानला जाणारा पाणिनी ‘कुस्तुंबुरु’ हा शब्द नोंदवतो. आपली कोथिंबीर ती हीच. दही, तीळ, आलं, मोहरी हीही जुनी मंडळी.

आता मिरची पाहा. मिरचीवाचून कोशिंबीर कोण करील? परंतु मिरची मूळची अमेरिका खंडातली. 1498 साली वास्को द गामा कालिकतला पोचला, 1510 साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि त्यांच्या व्यापारातून सोळाव्या शतकात मिरची या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी तिखटपणा येई तो मिरी, पिंपळी, आलं आणि फेसलेली मोहरी यांतून. नव्या पाहुणीला लोकांनी नाव दिलं तेही जुन्या मिरीवरूनच. शेंगदाण्याचंही तसंच. हे पीक दक्षिण अमेरिकेतलं. शेंगा भुईत लागतात म्हणून आपण त्याला ‘भुईमूग’ म्हटलं आणि मुगाच्या भावकीत बसवून टाकलं. दाण्याचं कूट नव्हतं तेव्हा देशावर तीळ, कारळे आणि जवस ही गळिताची धान्यं होती; कोकणात नारळ होताच. कोबी हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. टोमॅटो तर सगळ्यांत उशिरा आलेला. बंगाल्यांनी त्याला ‘बिलाती बेगुन’, म्हणजे विलायती वांगं म्हटलं. शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग जरूर करावा: कोशिंबिरीचे जिन्नस फळ्यावर लिहावेत आणि प्रत्येकाचं गाव नकाशावर शोधायला लावावं. सनावळी पाठ करण्यापेक्षा ते मुलांच्या अधिक ध्यानात राहील.

पण कोशिंबीर ही केवळ जिभेची चैन आहे का? याचंही उत्तर इतिहासात आहे, आणि ते जरा कठोर आहे.

वास्को द गामाची गलबतं परतीला निघाली ती कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून, 1498 च्या ऑक्टोबरात. येताना मोसमी वाऱ्याच्या पाठबळावर जो समुद्र तीनेक आठवड्यांत ओलांडला होता, तोच ओलांडायला आता सुमारे तीन महिने लागले. ताजं असं खायला काही उरलं नाही. हिरड्या सुजल्या, अंग सुजलं, आणि तीसेक खलाशी त्या पाण्यातच गेले. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. 1747 साली जेम्स लिंड या डॉक्टरानं आजारी खलाशांना निरनिराळे उपाय देऊन पाहिले. संत्री आणि लिंबं ज्यांना मिळाली ते चटकन सुधारले. त्यातलं द्रव्य म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व, हे कळायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं.

दुसरी हकिगत आपल्या अधिक जवळची. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, पुण्याची सहावी डिव्हिजन कूत या गावी वेढ्यात सापडली. डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 असा हा वेढा चालला. त्या सैन्यात मराठा पलटणीही होत्या. ज्या घरांतून ते शिपाई गेले, तिथं भाकरीशेजारी कांदा किंवा हिरवा पाला असे. वेढ्यात ते सुटलं, आणि अनेक हिंदी शिपायांना स्कर्व्हीनं गाठलं. शत्रूची गोळी न लागताही माणूस पडत होता.

याच काळात लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक ही विदुषी नि तिच्या सहकारी या रोगावर संशोधन करीत होत्या. त्यांना असं दिसलं की कोरड्या कडधान्यात या रोगावरचा गुण जवळजवळ नसतो. पण तेच भिजवून मोड आणले की तो गुण निर्माण होतो. लिंबं दूरच्या रणभूमीवर नासतात. मूग-मसूर पोत्यात राहतात आणि पाणी मिळालं की फुटतात. आपल्या आयाबायांना मोडाची ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. कोणी ती लिहिली नाही, एवढंच. मराठीत पाककृतींची पुस्तकं निघाली ती बऱ्याच उशिरा. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ 1910 चं, आणि कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ 1970 ची. त्याआधीचं ज्ञान हातातून हातात गेलं.

म्हणून या डाव्या बाजूकडे दुर्लक्ष करू नये. पोटभरीची कोशिंबीर करायला खर्चही फारसा नाही. मोड आलेले मूग, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, थोडं ओलं खोबरं किंवा दाण्याचं कूट. वरून हिंग-मोहरीची फोडणी आणि लिंबू. झालं! मेथी कोवळी असेल तर ती कच्चीच निवडून धुवावी, आणि कांदा, कूट, तिखट-मीठ, कच्चं तेल घालून हातानं कालवावी. हाच आपला घोळाणा. काकडी मात्र किसू नये, चोचवावी. तिला मीठ लावून फार वेळ ठेवलं की पाणी सुटतं आणि खमंगपणा जातो. म्हणून मीठ पानं घेतानाच घालावं. चिरून तासन्‌तास ठेवली, तरी जीवनसत्त्वाचा अंश कमी होत जातो. इंग्रजीतला ‘सॅलड’ हा शब्दही लॅटिनमधल्या मिठावरूनच आला आहे. पाला आणि मीठ ही जोडी सगळ्या जगाची.

आणखी एक. बाजरीच्या भाकरीत, पालेभाजीत लोह असतं. पण शरीर ते सहजी शोषून घेत नाही. त्याच जेवणात लिंबू किंवा कच्ची कोशिंबीर असली, तर ते अधिक अंगी लागतं. आपल्या खेड्यांतल्या कितीतरी मुली आणि बाळंतिणी रक्त कमी म्हणून थकतात. घरात सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसणाऱ्या बाईच्या ताटात डावी बाजू बहुधा रिकामीच असते. लढायांचा इतिहास आपल्याला बदलता येत नाही. तिच्या ताटातली ही रिकामी जागा मात्र आज संध्याकाळीच भरता येईल.