'रिनन्सिएशन', अभिनिक्खमन आणि पच्चक्खान

इंग्रजीतील बौद्ध वाङ्मयात 'रिनन्सिएशन' हा शब्द वारंवार भेटतो. सर एडविन अर्नोल्ड यांच्या 'द लाइट ऑफ एशिया' (१८७९) या काव्याच्या उपशीर्षकातच 'द ग्रेट रिनन्सिएशन' असे शब्द असून ते 'महाभिनिष्क्रमण' यासाठी योजिलेले आहेत. पुढे डेक्कन कॉलेज म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्याच्या महाविद्यालयाचे अर्नोल्ड हे काही काळ प्राचार्य होते. हा पर्याय रूढ झाला खरा. परंतु तो कितपत यथार्थ आहे?

'रिनन्सिएशन'चे मूळ लॅटिन 'रेनुन्तियारे' या क्रियापदात आहे. 'नुन्तियुस' म्हणजे दूत, आणि 'नुन्तियारे' म्हणजे वार्ता कळविणे, घोषित करणे. त्यास 'रे' हा उपसर्ग लागून 'उलट कळविणे', 'जाहीरपणे नाकारणे' असा अर्थ सिद्ध झाला. प्राचीन ख्रिस्ती बाप्तिस्म्यात दीक्षार्थी सैतानाचा त्याग मुखाने उच्चारीत असे, त्या विधीसही याच धातूपासून झालेला शब्द होता. तात्पर्य, या शब्दाचा गाभा सोडणे हा नसून सांगणे हा आहे.

पालीतील 'अभिनिक्खमन' याहून निराळे. 'निस्' आणि 'कम्' यांपासून झालेल्या या शब्दात बाहेर पडण्याची क्रिया आहे. 'पब्बज्जा' शब्दातही पुढे निघणे हाच अर्थ आहे. कोपरी-ठाणे ज्या साष्टी बेटावर वसले आहे, त्याच बेटावरील कान्हेरीच्या दानलेखांत प्रव्रजित स्त्रियांसाठी 'पवइतिका' हे रूप आढळते. त्या स्त्रिया दान देत होत्या, संघात वावरत होत्या. त्यांचे निघणे म्हणजे समाजास विन्मुख होणे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथात 'परिव्रज्या' हाच शब्द ठेवला, चार दृश्यांची परंपरागत कथा अमान्य केली, आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात उद्भवलेल्या संघर्षात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण दाखविले.

मग 'रिनन्सिएशन'ला पालीत समानार्थी शब्द नाहीच काय? आहे, तो विनयपिटकातील 'पच्चक्खान' होय. 'पटि', 'आ' आणि 'ख्या' म्हणजे उलट सांगणे. लॅटिन शब्दाची घडण नेमकी हीच. भिक्षूने शिक्षेचे पच्चक्खान केव्हा केले असे मानावे, याची चर्चा पहिल्या पाराजिकेच्या विवरणात आहे. मनातील विचार पुरेसा नाही; 'सोडावे काय' असे म्हणणेही पुरेसे नाही; थट्टेने उच्चारलेले अग्राह्य. समजणाऱ्या व्यक्तीसमोर निश्चयाने बोलले पाहिजे.

हा नियम भिक्षूंपुरता असला, तरी त्यातील विवेक आपल्या इतिहासावर प्रकाश टाकतो. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. तो संकल्प होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्याची पूर्ती झाली. तेथील बावीस प्रतिज्ञांत आरंभीच्या प्रतिज्ञा जुन्या देवतांना व विधींना नाकारणाऱ्या आहेत. एकोणिसावीत जुन्या धर्माचा त्याग व बुद्धधम्माचा स्वीकार एकत्र येतो. लक्षावधी अनुयायांनी त्या सामुदायिकपणे, मोठ्याने उच्चारल्या. पच्चक्खान आणि निक्खमन, म्हणजे सांगणे आणि निघणे, तेथे एकाच दिवशी घडले.

म्हणून धम्मदीक्षेचे वर्णन इंग्रजीत 'रिनन्सिएशन' असे करताना निवृत्तीचा वा वैराग्याचा भास होऊ देऊ नये. तिच्यात घोषणा आहे. आणि घोषणेने आपले उत्तरदायित्व संपत नाही. प्रतिज्ञा मुखाने घेऊन लग्नकार्यात, वास्तुशांतीत जुनेच विधी चालू ठेवणाऱ्याने नाकारले खरे, परंतु तो अद्याप निघालेला नाही.