यंत्राला न वाचता येणारी तबकडी : एक साधनचिकित्सा



स्मृतिव्याख्यानासाठी इतिहासाच्या अभ्यासकाला बोलाविले म्हणजे त्याच्याकडून एखाद्या शिलालेखाची, ताम्रपटाची, निदान एखाद्या बखरीची अपेक्षा असते. मी ज्या साधनाविषयी बोलणार आहे ते अर्ध्या शतकाचेही जुने नाही. बारा सेंटिमीटर व्यासाची, मध्ये भोक असलेली, घरच्या अथवा कोपऱ्यावरच्या दुकानातील संगणकावर लिहून घेतलेली प्लास्टिकची तबकडी हे ते साधन होय. १९९८ च्या सुमारापासून पुढील दहा-बारा वर्षे लग्नाची छायाचित्रे, स्मरणिकेचा मजकूर, संस्थेचे हिशेब, वडीलधाऱ्यांचे आवाज असे कितीतरी आपण तिच्या हवाली केले. आज ती संगणकात घातली की यंत्र क्षणभर घुरघुरते, तबकडी फिरवून पाहते आणि अखेर ‘तबकडी घाला’ असे आपल्यालाच सांगते. आत तबकडी आहे हेच त्याला मान्य नसते. गंमत अशी, की त्याच यंत्रात बाजारातून विकत आणलेली भावगीतांची तबकडी बिनतक्रार वाजते.

हा भेद का होतो, हा प्रश्न वरवर पाहता दुरुस्तीच्या दुकानातला आहे. मला तो इतिहासाचाही वाटतो, आणि हैदराबादकरांना तर तो अपरिचित असू नये. तारनाक्याच्या पुराभिलेखागारात शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळातील दख्खनच्या कारभाराचे फार्सी कागद आहेत. १८८४ मध्ये निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा म्हणून फार्सीच्या जागी उर्दू आली आणि हे कागद सहज वाचणारांची संख्या पिढीगणिक घटत गेली. मराठी घरांतील ट्रंकांत मोडीचे कागद सापडतात त्यांची कथा निराळी नाही. कागद शाबूत, शाई ठळक, पणजोबांचे अक्षर वळणदार. पणतू मात्र त्या कागदापुढे निरक्षर. तेव्हा साधन मुके झाले असे दिसताच ‘साधनाला काय झाले’ एवढेच विचारून भागत नाही. ते वाचायचे कोणी होते आणि तो वाचणारा आज कोणत्या स्थितीत आहे, हेही पाहावे लागते.

आता या तबकडीची घडण पाहू. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून ठरविलेल्या मानकानुसार पहिला सीडी-प्लेअर १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. कारखान्यात निघणारी तबकडी ही अक्षरशः छापील वस्तू आहे. साच्याच्या दाबाने प्लास्टिकवर सूक्ष्म खळगे उमटतात आणि त्यांवर अॅल्युमिनियमचा मुलामा चढतो. खळग्यांची ही ओळ आतून बाहेर सर्पिल गतीने जाते. दोन वेढ्यांतील अंतर १.६ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरात सहाशेहून अधिक वेढे. सारा सर्पिल उलगडला तर तो पाच किलोमीटरांहून लांब भरेल. यंत्रातील ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेसर या ओळीवरून फिरतो. सपाट जागेवरून प्रकाश जोरदार परततो, खळग्यावरून मंद परततो, आणि हे जे उजेड-अंधाराचे पालटणे, त्याचीच पुढे अक्षरे होतात.

घरी लिहिता येणाऱ्या तबकडीचे मानक १९९० मध्ये ‘ऑरेंज बुक’ या नावाने प्रसिद्ध झाले. या तबकडीत खळगे नसतात. तिथे एका सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो आणि त्यामागे चांदीचा किंवा सोन्याचा परावर्तक थर. लिहिणारा लेसर त्या रंगद्रव्याला जागोजाग तापवितो, आणि तापलेली जागा वाचणाऱ्या लेसरला खळग्यासारखी मंद दिसते. थोडक्यात, लिहिलेली तबकडी ही छापलेल्या तबकडीची नक्कल करणारे हस्तलिखित आहे. हस्तलिखिताचे सारे गुणदोष तिच्यात आहेत: लेखकाचा हात, शाईची प्रत, लिहिण्याची घाई. एकपट वेगाने लिहायला तासाहून अधिक वेळ घेणारी ही तबकडी पुढे बावन्नपट वेगाने काही मिनिटांत लिहिली जाऊ लागली. स्वस्त तबकडी आणि धावता हात यांची गाठ पडली म्हणजे खुणांच्या कडा सुबक राहत नाहीत.

छापलेली तबकडी निदान ७० टक्के प्रकाश परत पाठविते. चांगली लिहिलेली तबकडी नवी असताना त्याच्या जवळपास जाते. पण वर्षांगणिक रंगद्रव्य फिके होते, खुणा आणि कोरी जागा यांतला फरक पुसट होतो. याच काळात वाचणारे यंत्रही म्हातारे होत असते. लेसर क्षीण होतो, भिंगावर धुळीचे पटल बसते, ज्या दांडीवरून वाचनशीर्ष सरकते तिच्यावरचे वंगण सुकते. छापील तबकडीचा प्रतिसाद इतका ठळक असतो, की यंत्राचे हे वार्धक्य तिच्यापुढे झाकून जाते. पुसट हस्तलिखित समोर आले की ते उघडे पडते. मोतीबिंदू झालेला माणूस वर्तमानपत्राचे मथळे वाचतो आणि जुने पत्र बाजूला ठेवतो, तसाच हा प्रकार. म्हणून ‘विकतची चालते, लिहिलेली चालत नाही’ एवढ्यावरून तबकडीला दोषी ठरविणे अन्यायाचे होईल.

यंत्राचे जन्मवर्षही विचारात घेतले पाहिजे. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू १९९७ मध्ये बाजारात आली. ती जेमतेम १५ ते २५ टक्के प्रकाश परत देते. त्याआधीच्या यंत्रांना एवढा मंद प्रतिसाद वाढवून घेण्याची सोय नव्हती, त्यामुळे त्यांच्या लेखी ती तबकडी नव्हतीच. डीव्हीडीची कथा तर अधिक बोधक. तिचा लेसर ६५० नॅनोमीटरचा, तांबडा. सीडी-आरचे रंगद्रव्य अवरक्त प्रकाशासाठी योजलेले. तांबड्या प्रकाशाला ते पुरेसे परावर्तन देत नाही. परिणामी डीव्हीडीची पहिली कित्येक यंत्रे नवी आणि महाग असूनही जुन्या लिहिलेल्या तबकड्यांपुढे आंधळी होती. पुढे एकाच यंत्रात दोन लेसर बसविण्यात आले तेव्हा ही अडचण मिटली. नवा वाचक आला की जुने साहित्य आपोआप वाचले जाते, हा समज फार्सी दफ्तराच्या बाबतीत खरा ठरला नव्हता. येथेही ठरला नाही.

आणखी एक कारण अगदी मानवी आहे. तबकडीच्या आरंभी तिची अनुक्रमणिका असते. तबकडी लिहून झाली तरी ‘पुढे आणखी भर घालू’ म्हणून ती बंद न करता ठेवली, तर अनुक्रमणिका तिच्या जागी उतरतच नाही. ज्या यंत्राने लिहिले ते अशी तबकडी उघडू शकते. दुसऱ्याला ती कोरी वाटते. अपूर्ण राहिलेली हस्तलिखिते आपण पाहतो. ही अपूर्णता मात्र डोळ्यांना दिसत नाही.

या साऱ्याचा हैदराबादशी संबंध केवळ माझ्या वास्तव्याचा नाही. १९६७ मध्ये येथे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे आपली ईसीआयएल, स्थापन झाली आणि १९६९ मध्ये तिच्याकडून टीडीसी-१२ हा संगणक तयार झाला. बालानगरच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेतून उपग्रहांची भूचित्रे आधी चुंबकीय फितींवर आणि पुढे सीडींवर देशभर जात. सिकंदराबादच्या पार्क लेनवरील चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये संगणकाच्या सुट्या भागांची दुकाने दाटली. सुलतान बाजार, काचीगुडा, इसामिया बाजार या भागांतील मराठी घरांत संगणक आला तो बहुधा या बाजारातून, सुटे भाग जोडून.

आणि आता ज्या हिशेबासाठी मी हा विषय घेतला तो मांडतो. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्या वेळी जे विशीत होते ते १९९८ मध्ये, त्या घटनेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, सत्तरीत होते. सांगण्याजोगे पुष्कळ, आवाज अजून खणखणीत, आणि नातवंडांना ऐकण्याची हौस. नेमका हाच काळ घरोघरी तबकडी लिहिली जाण्याचा. त्या पिढीच्या ज्या आठवणी तेव्हा ध्वनिफितीवरून तबकडीवर उतरविल्या गेल्या असतील, त्यांची बहुधा ती एकच प्रत असेल. फीत पुसून दुसऱ्या कामाला घेतलेली असेल आणि सांगणारे आता पुन्हा सांगावयास नाहीत. स्वातंत्र्यलढ्याचे हे तळचे साधन आहे. सरकारी दप्तरात सत्याग्रहींची नावे मिळतील. भूमिगतांना जेवण कोणत्या घरून, कोणाच्या हाती जाई, हे दप्तरात मिळत नाही.

येथे परदेशातील एक उदाहरण सांगतो. १०८६ साली इंग्लंडमध्ये झालेल्या जमीनमोजणीचे ‘डोम्सडे’ दप्तर चर्मपत्रावर आहे आणि ते आजही वाचता येते. त्याच्या नऊशेव्या वर्षी, १९८६ मध्ये, बीबीसीने लोकजीवनाचा नवा डोम्सडे दोन लेसर-तबकड्यांवर सिद्ध केला. पंधरा-सोळा वर्षांतच तो वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि जुन्या यंत्राचे सोंग घेणारी संगणकीय प्रणाली मुद्दाम रचून तो मजकूर सोडवावा लागला.

आपल्या शहरातला अनुभव अधिक आशादायक आहे. ८ सप्टेंबर २००३ रोजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते भारतीय डिजिटल ग्रंथालयाचे उद्घाटन झाले. राज रेड्डी आणि एन. बालकृष्णन हे त्यामागचे सूत्रधार. हैदराबादची आयआयआयटी हे त्याचे एक मोठे केंद्र. २०१७ च्या सुमारास ते संकेतस्थळ बंद झाले. तोवर त्यातील पुष्कळ ग्रंथांच्या प्रती इंटरनेट अर्काइव्हवर जाऊन पोचल्या होत्या. उस्मानिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा क्रमांक आणि परतीच्या तारखेची सूचना छापलेले पान घेऊन कितीतरी मराठी पुस्तके आज तेथे उभी आहेत. मूळ स्थळ मिटले तरी ती वाचतात, कारण मधल्या काळात कोणीतरी त्यांची नक्कल केली. आपल्याकडे नकलनवीस हा शब्द थोडा हेटाळणीने वापरतात. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या त्यानेच आपल्यापर्यंत आणल्या.

तेव्हा घरच्या वा संस्थेच्या कपाटातील तबकडी फेकण्यापूर्वी इतिहासकार साक्षीदाराची करतो तशी उलटतपासणी करावी. त्याच यंत्रात दुसरी, वेगळ्या बनावटीची लिहिलेली तबकडी घालावी. तीही चालली नाही तर संशय यंत्रावर जातो. भिंग साफ करावे, तेवढ्याने भागले नाही तर यंत्र बदलावे. ती चालली तर पहिली तबकडी दुसऱ्या, शक्यतो निराळ्या कंपनीच्या यंत्रात पाहावी; लिहिणारी डीव्हीडी-यंत्रे पुष्कळदा केवळ वाचणाऱ्या यंत्रांपेक्षा समंजस निघतात. ज्या यंत्राने ती लिहिली ते माळ्यावर असेल तर त्याला प्रथम मान. तबकडी मधून कडेकडे, सरळ रेषेत, मऊ कापडाने पुसावी; गोल पुसल्यास ओरखडा ओळीच्या दिशेने पडतो. अडीच मिलिमीटरपर्यंतची तूट यंत्र स्वतःच्या गणिताने भरून काढते. पण सीडीत मजकुराचा थर लेबलाच्या लगेच खाली असतो. त्या बाजूचा पापुद्रा उडाला असेल तर उपाय नाही, आणि आपण बॉलपेनने ठसठशीत नावे लिहिली ती नेमकी त्याच बाजूला.

तबकडी वाचली गेली तरी काम संपत नाही. त्या वर्षांतला मराठी मजकूर पुण्याच्या सी-डॅकच्या ‘योगेश’ किंवा ‘सुरेख’ या टंकांत, नाही तर ‘श्री-लिपी’त असतो. तो टंक संगणकावर नसेल तर पडद्यावर रोमन चिन्हांची खिचडी दिसते आणि पुष्कळजण फाइल बिघडली समजून पुसून टाकतात. ती बिघडलेली नसते. रूपांतर करून ती युनिकोडमध्ये आणता येते. ध्वनीचे तसे नाही. तबकडीवर ‘नवीन फोल्डर’, ‘ट्रॅक १’, ‘ट्रॅक २’ एवढेच असते. बोलणारे कोण, मध्ये हसले कोण, ज्या ‘काकां’चा उल्लेख येतो ते कोणते, हे सांगू शकणारी माणसे आज पंच्याहत्तरी-ऐंशीत आहेत. आवाज निघाला की पहिल्यांदा त्यांना ऐकवावा आणि ती जी नावे सांगतील ती शेजारी वही घेऊन कागदावर, शाईने, लिहून घ्यावीत.