माथेरान : डोंगरमाथ्यावरची नगरपालिका

आपण दिल्लीकर मराठी मंडळी सुट्टीत मसुरी-नैनिताल गाठतो. पण मला विचाराल तर थंड हवेचे गाव म्हणजे आपले माथेरान! ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये येथे आले, १९०५ मध्ये नगरपालिका झाली आणि १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाने नेरळहून वर येणारी छोटी रेल्वे पूर्ण केली. शार्लोट तलाव, काठचे पिसारनाथ मंदिर, लुईझा व पॅनोरमा पॉइंट सर्वांना ठाऊक असतात. भाई कोतवाल मात्र फार थोड्यांना.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल १९१२ साली येथेच, नाभिक कुटुंबात जन्मले. वकील झाले, नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. १९४२ च्या लढ्यात 'आझाद दस्ता' उभारून त्यांनी विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह ते हुतात्मा झाले.

मोटारींना बंदी असलेल्या या गावात माणूसच माणसाला रिक्षात बसवून ओढत असे. ६ ऑगस्ट २०२५ रोजी आपल्या दिल्लीतील सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत थांबवून ओढणाऱ्यांच्या हाती ई-रिक्षा देण्यास सांगितले. भाईंच्या गावाला शोभेल असाच हा निकाल. गावी गेलात की माथेरानला जरूर जा, आणि पॉइंट मोजण्याआधी भाईंना नमस्कार करा.