गिरणगावची फुरसत

गिरणगावचा इतिहास म्हटला की संप, मोर्चे, लाठीमार आणि वाटाघाटी एवढेच डोळ्यांपुढे उभे राहते. या समजुतीला आम्हीही कारणीभूत आहोत. आयुष्याची तीस वर्षे आम्ही कामगार संघटनेच्या कामात घालवली आणि सभासभांतून हाच इतिहास सांगितला. काही वर्षांपूर्वी अशाच एका सभेनंतर वायडिंग खात्यात काम केलेली एक म्हातारी आमच्यापाशी आली आणि म्हणाली, “दादा, संपाचं सगळं बरोब्बर सांगितलंत. पण संप नव्हता त्या वर्षी आम्ही काय करत होतो, ते कुणी सांगायचं?” त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न डोक्यातून गेला नाही. आमचे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयातच अधिक झालेले असल्यामुळे, प्रश्न अडला की जुनी पुस्तके उघडायची ही खोड आम्हाला आहे. तीच खोड आज श्रोत्यांपुढे मांडीत आहोत.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी 1854 मध्ये स्थापन केली आणि 1856 मध्ये ताडदेवला ती सुरू झाली. त्या काळी गिरणीत विजेचे दिवे नव्हते. उजाडले की साचे सुरू आणि अंधारले की बंद, असा साधा हिशेब होता. वरवर पाहता हा हिशेब शेतासारखाच वाटतो. पण नीट पाहिले म्हणजे त्यातील उफराटेपणा ध्यानात येतो. कोकणातल्या किंवा घाटावरच्या कुणब्याला चैत्र-वैशाख हे त्यातल्या त्यात मोकळे महिने. लग्ने, जत्रा, घराची शाकारणी, सारे त्याच दिवसांतले. गिरणीत मात्र दिवस मोठा म्हणून काम मोठे, या न्यायाने तेच महिने सर्वांत जड. हिवाळ्यात बारा तासांच्या आसपास राबणारा माणूस उन्हाळ्यात तेराचौदा तास राबे. पुढे 1905 च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि हा शेवटचा धागाही तुटला. काही गिरण्या पंधरा तासांपर्यंत चालू लागल्या, आणि त्या विरुद्ध कामगारांनी दंगाही केला. सूत तुटू नये म्हणून साचेखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवीत. बाहेर थंडी असो वा वैशाखवणवा, आत बाराही महिने एकच ओली उकड. म्हणजे गावी असताना ज्याच्या अंगाला सहा ऋतू ठाऊक होते, त्याला गिरणीने एकच ऋतू दिला. बाकीचे ऋतू त्याने चाळीत स्वतःच्या हातांनी करून घेतले. आमच्या आजच्या विषयाचे मूळ येथे आहे.

पण करायला वेळ पाहिजे, आणि तो मागितल्याशिवाय मिळाला नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक. 1884 च्या सप्टेंबरात परळ भागात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यात रविवारची पुरी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंत, वेळेवर पगार, आणि कामावर जखमी झालेल्यास भरपाई अशा मागण्या होत्या. पगार वाढवा, ही मागणी त्या अर्जात अग्रभागी नाही, याचे आम्हाला तरुणपणी नवल वाटे. आता वाटत नाही. 1890 च्या एप्रिलात महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. दुसऱ्याच वर्षीच्या कायद्याने आठवड्याची सुटी साऱ्या कारखान्यांना लागू झाली. लोखंडे 1897 मध्ये प्लेगाच्या साथीत वारले. रविवारी उशिरापर्यंत अंथरुणात लोळणाऱ्या किती मुंबईकरांना त्यांचे नाव ठाऊक आहे, हे विचारण्यात अर्थ नाही.

रविवार मिळाला म्हणजे लगेच सहली निघाल्या, असे मात्र कोणी समजू नये. पहिला रविवार झोपेचा, दुसरा कपडे धुण्याचा, तिसरा गावी पत्र लिहवून घेण्याचा. एका खोलीत पाळीपाळीने दहाबारा माणसे राहात, तेथे रविवारी सगळीच घरी असणार म्हणजे बसायलाही जागा नाही. घराबाहेर पडणे ही चैन नव्हती, गरज होती. आणि बाहेर पडल्यावर पाय वळत ते राणीच्या बागेकडे. भायखळ्याची ही बाग 1862 मध्ये खुली झाली आणि तिच्या आवारातले वस्तुसंग्रहालय 1872 मध्ये. बागेत वाघ-सिंह पाहावेत, घरून फडक्यात बांधून आणलेली भाकरी झाडाखाली खावी, आणि उन्हे कलली की चालत परत. खर्च जवळजवळ नाही. संग्रहालयासमोर दगडी हत्ती उभा आहे, तो घारापुरीचा. 1864 मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला नेण्याचा घाट घातला, तेव्हा उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. 1914 मध्ये ते तुकडे जोडून त्याला येथे उभा केला. आमचे वडील साचेवाले. त्यांनी आम्हाला लहानपणी हा हत्ती दाखवून सांगितले होते, “यारीनं दगा दिला म्हणून हा आपल्याकडे राहिला.” यंत्र बिघडल्याचा आनंद आम्ही वडिलांच्या तोंडावर तेवढ्याच वेळी पाहिला. आत काचेच्या कपाटांत निरनिराळ्या जातीधंद्यांच्या मातीच्या लहान मूर्ती आहेत. वडील तेथे फार वेळ रेंगाळत. आम्हाला वाघ पाहायचा असे, त्यांना पगडी-धोतरांच्या चुण्या मातीत कशा उठवल्या ते पाहायचे असे. हाताचे काम पाहण्याची ती भूक होती, हे आम्हाला फार उशिरा कळले.

वर्षभराची फिरती अशीच ठरलेली. पौषात प्रभादेवीची जत्रा, शिमग्याला रजा मिळाली तर गाव, नाही तर चाळीतलीच होळी, श्रावणात नारळी पुनवेला समुद्र, भाद्रपदात गणपती, सप्टेंबरातच वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा, आश्विनात महालक्ष्मी. मोतमाउलीला जाणारा प्रत्येक जण ख्रिस्ती नसे, हे काय सांगायला हवे? ज्या जत्रेला पायी जाता येते ती आपली, असा गिरणगावचा धर्म होता. पायी न जाता येणाऱ्या सहलीची किंमत कधी कधी भयंकर पडे. 17 जुलै 1947 रोजी, आषाढी अवसेच्या तोंडावर, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. सणाला घर गाठणारे चाकरमाने तीत पुष्कळ होते.

आता कंदिलाकडे वळतो, कारण या विषयात आमचा जीव तेथे अधिक आहे. दसरा झाला की चाळीतल्या पोरांना कामट्यांचे वेध लागत. बांबूची कामटी तासून दोन्ही टोकांना सारखी वाकते की नाही हे बोटावर तोलून पाहायचे. एक बाजू जाड राहिली तर चांदणी लंगडते. सांध्याला दोरा बांधायचा तो गिरणीतलाच, वडिलांच्या खिशात चुकून आलेला. तो चुकून कसा येई, याची चौकशी संघटनेनेही कधी केली नाही. खळ घरच्या कणकेची. तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकला म्हणजे झुरळे कागद खात नाहीत. पतंगाचा कागद ताणून चिकटवायचा नाही, सैलसर चिकटवून वर पाण्याचा हलका हबका मारायचा. वाळला की तो आपोआप ढोलकीसारखा ताठ होतो. आणि शेवटी झिरमिळ्या. कागदाच्या घड्या घालून कातरीने सारख्या कापायच्या, हे काम बहिणींचे. कापताना बोलायचे नाही, असा दंडक असे. दर मजल्याचा एक कंदील मोठा, सर्वांच्या वर्गणीचा. त्याची रचना गुप्त ठेवायची, कारण समोरच्या चाळीचा हेर फिरत असे. एका वर्षी आमच्या मजल्याने फिरता कंदील केला. आत दिवा, वर पत्र्याच्या पात्यांचे चक्र, दिव्याची ऊब वर चढली की चक्र फिरे आणि त्याला लावलेल्या कागदी हत्तीघोड्यांच्या सावल्या बाहेरच्या कागदावरून धावत. चक्र अडत होते. तेव्हा त्रासन खात्यातल्या एका कामगाराने चात्याला तेल देतात तसे सुईच्या टोकावर तेल दिले आणि ते सुरू झाले. गिरणीची विद्या गिरणीबाहेर आनंदासाठी वापरलेली आम्ही प्रथम पाहिली ती अशी.

ही कला केव्हा फोफावली, याबद्दल आमचा एक तर्क आहे. 1922 च्या कायद्याने दिवसाचे अकरा आणि आठवड्याचे साठ तास ठरले. 1934 च्या कायद्याने दहा आणि चोपन्न, 1948 च्या कायद्याने नऊ आणि अठ्ठेचाळीस. लालबागच्या गणेश गल्लीचा उत्सव 1928 चा, लालबागच्या राजाचा 1934 चा. केवळ सनांच्या योगायोगावर आम्ही इमारत उभारणार नाही. परंतु मखर करायला संध्याकाळ लागते, आणि अकरा तास उभा राहिलेला माणूस संध्याकाळी कामटी तासत नाही, एवढे आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो. भजनी मंडळे, जाखडीचे नाच, व्यायामशाळा, परळच्या दामोदर हॉलमधली कामगारांची नाटके, हे सारे कमी झालेल्या तासांचे पीक आहे.

मात्र येथे स्त्रियांचा हिशेब वेगळा मांडला पाहिजे. त्यांचा रविवार हा धुण्याचा आणि दळणाचा वार. त्यांची करमणूक दुपारच्या चोरट्या तासात, गोधडीवर. जुनी लुगडी, धोतरे आणि गिरणीतून वजनावर मिळणारे कापडाचे तुकडे यांची ठिगळे जुळवून, जमिनीवर पसरून, चौघी चार कोपऱ्यांवर बसत आणि मधल्या दिशेने टाके घालीत येत. आमची आई कडेला तांबडी पट्टी घालीच. का, असे विचारले तर “बरी दिसते” एवढेच उत्तर. ती गोधडी विकण्यासाठी नसे. लेकीच्या बाळंतपणाला, शेजारणीच्या नातवाला द्यायची.

18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. पावसाळ्यापर्यंत घरातली भांडी गेली. मग आईने गोधड्या विकायला घेतल्या. एक व्यापारी चिंध्या आणून टाकी आणि नगावर पैसे देई. त्याला मोठे टाके चालत, तांबडी पट्टी चालत नसे, कारण तिला दोरा जास्त लागे. आई पहाटेपासून टाके घाली. शेजारणी येत, पण आता प्रत्येकीची गोधडी वेगळी, आणि बोलण्याने हात थांबतो म्हणून बोलणे बंद. त्या दिवाळीत आम्ही वर्तमानपत्राच्या कागदाचा कंदील केला. तो दिसायला वाईट नव्हता. वडिलांनी त्याच्याकडे एकदाही पाहिले नाही. पुढे आईचे हात दुखू लागले आणि काम सुटले, तरी तिने घरासाठी पुन्हा गोधडी शिवली नाही. संपाचे नुकसान आम्ही असंख्य सभांत रुपयांत आणि नोकऱ्यांत मोजून सांगितले आहे. हे नुकसान आजपर्यंत कोणत्याच सभेत सांगितले नव्हते.

संघटनांनी या गोष्टींकडे पाहिलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली ती वाचनालये आणि रात्रीच्या शाळांसह. 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लालबावटा कलापथक उभे केले, तेव्हा चाळीतला ढोलक चळवळीत आला. 1953 च्या कायद्यातून कामगार कल्याण निधी निघाला आणि केंद्रे, नाट्यस्पर्धा सुरू झाल्या. परंतु आमच्यासारखे जे पुढारी झाले, त्यांना कलापथक हवे होते ते सभेला गर्दी जमावी म्हणून. ज्या कंदिलावर घोषणा लिहिलेली नाही, तो आम्हाला बालिश वाटे. एका दिवाळीत तर पोरांचा मोठा कंदील उतरवून आम्ही त्या जागी फलक लावला होता. पोरे काही बोलली नाहीत. पुढच्या वर्षी त्या मजल्याने मोठा कंदील केला नाही, आणि आम्ही ते शिस्तीचे लक्षण मानले.

आता त्या गिरण्या नाहीत. त्यांच्या जमिनींवर उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यांच्या दारांशी बसणारे रखवालदार आमच्या आजच्या संघटनेत आहेत, निदान त्यांतले जे धीर करतात ते. कायद्यात सुटी आहे, हजेरीपुस्तकातही ती लिहिलेली असते. प्रत्यक्षात बारा तासांची पाळी आणि आठवड्याचे सातही दिवस. गेल्या दिवाळीच्या आधी वर्गणी गोळा करायला आम्ही रात्री एका इमारतीच्या दाराशी गेलो. रखवालदार मराठवाड्याकडचा, पंचविशीतला. खुर्चीखाली काहीतरी लपवीत होता. दारूची बाटली असेल म्हणून आम्ही पुढाऱ्याच्या आवाजात विचारले, “काय रे, काय आहे?” त्याने ओशाळून बाहेर काढले. कामट्यांचा सांगाडा होता, अर्धा बांधलेला. खोलीवर मुलगी आहे, तिला तयार कंदील नको, बापाने केलेला हवा, असे तो म्हणाला. कामटी एका बाजूला जाड राहिली होती. आम्ही ती त्याच्याकडून घेतली, त्याच्या टेबलावरच्या कागद कापायच्या सुरीने तासली आणि बोटावर तोलून परत दिली. मग त्याने गाड्यांसाठी फाटक उघडायचे आणि आम्ही झिरमिळ्या कापायच्या, असे चालले. वर्गणीची पावती फाडायची राहिली ती राहिलीच. त्याची पाळी सकाळी आठला सुटणार होती, आणि खळ वाळायला निदान दोन तास लागतात.