नापास गाडी

परवा नातवासोबत गाडीची पीयूसी काढायला गेलो आणि माझी जुनी फियाट आठवली.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ साली आले. गाडी उभी आणि इंजिन चालू असताना पेट्रोल कारच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांहून जास्त नको, असं त्यात होतं. पुढे काही वर्षांनी धुळ्यात माझी गाडी तपासली, तर आकडा ५ च्या वर! तपासणारा म्हणाला, "धूर कुठं दिसतोय सर? देऊन टाकतो कागद."

हा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. जळगावला लग्नाला जायचं होतं, मोह झाला. पण नापास मुलाला मी कधी पास केलं नव्हतं. मेकॅनिक गाठला. एअर फिल्टर चोंदलेला, कार्बोरेटर पेट्रोल जास्त सोडत होता. हवा कमी पडली की पेट्रोल अर्धवट जळतं आणि हा वायू वाढतो. दुपारपर्यंत आकडा ३ च्या आत आला. लग्न आणि वरणबट्टी मात्र हुकली.

२००४ पासून भारत स्टेज-२ व त्यानंतरच्या पेट्रोल कारना मर्यादा ०.५ टक्के झाली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीशिवाय विम्याचं नूतनीकरण करू नये, असं सांगितलं.

नातू म्हणाला, "आजोबा, न तपासताही मिळते म्हणतात."

म्हटलं, "मिळत असेल. आपण तपासूनच घेऊ."