तंजावरची पशुविद्या आणि गिनीपिग

तिरुवैयारुमध्ये कुणी गिनीपिग पाळला आणि तो आजारी पडला, तर गाईम्हशींवर उपचार करणारा डॉक्टर फार दूर शोधावा लागणार नाही. गिनीपिगची सवय असलेला डॉक्टर मात्र तेरा किलोमीटरवरच्या तंजावरातही सहज भेटेल असे नाही. गाव लहान म्हणून असे होते, हे नेहमीचे उत्तर. ते अपुरे आहे, कारण कावेरीकाठच्या या मुलखात पशुवैद्यक जुने आणि ग्रंथबद्ध आहे. प्राण्याचा जाणकार वैद्य त्याच्या दुखण्यामुळे तयार होत नाही. त्या प्राण्यावाचून ज्याचे अडते त्याच्या गरजेतून तो घडतो. तंजावरचा इतिहास हेच दाखवतो.

सरस्वती महाल ग्रंथालयात नकुलाच्या नावाचे अश्वशास्त्र आहे, पालकाप्याचे गजशास्त्रही आहे. घोडा आणि हत्ती हे राज्याचे बळ, म्हणून त्यांची लक्षणे आणि रोग लिहून ठेवण्याइतके मोलाचे ठरले. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांच्या धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांसाठीही औषधे तयार होत. पण १७९९ च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि १८५५ मध्ये राजाची गादीही संपली. पागा आणि पिलखान्याला पोसणारा दरबार गेला, तसा या विद्येचा आश्रयही गेला. नव्या सरकारची गरज वेगळी होती: लष्कराचे घोडे आणि शेतीचे बैल. गुरे मारणाऱ्या बुळकांडीसारख्या साथींनी शेतसारा धोक्यात येई. १८८९ मध्ये पुण्यात जनावरांच्या रोगांसाठी सरकारी प्रयोगशाळा निघाली, १९०३ मध्ये मद्रासला पशुवैद्यकीय महाविद्यालय. गावोगावचा सरकारी गुरांचा दवाखाना याच धोरणाच्या वाटेने आला.

यावर कुणी म्हणेल की सरफोजींचे कुतूहल उपयोगापुरते नव्हते. त्यांनी पशुपक्ष्यांची चित्रे काढून घेतली, देशोदेशीचे ग्रंथ जमवले. हे खरे, पण चित्रांच्या संग्रहातून उपचाराची परंपरा निघत नाही. त्यासाठी रोज आजारी जनावर समोर यावे लागते आणि त्याचा खर्च कुणीतरी उचलावा लागतो. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: गिनीपिग तर शंभराहून अधिक वर्षे शास्त्रज्ञांच्या हाताखाली आहे, मग त्याची माहिती नाही कशी? माहिती भरपूर आहे. १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश यांनी गिनीपिगमध्ये स्कर्व्ही घडवून दाखवला, आणि पुढे क जीवनसत्त्वाचा शोध त्या वाटेने लागला. मात्र प्रयोगशाळेला त्या एका जिवाला वाचवायचे नसते. माणसाच्या रोगाचे उत्तर मिळाले की तिचे काम होते. बरे करण्याचे कौशल्य पाळणाऱ्यांच्या मागणीने येते, आणि ती मागणी आपल्याकडे अगदी अलीकडची आहे.

पदवी घेतलेला डॉक्टर कोणत्याही प्राण्यावर उपचार करू शकत नाही का, हा शेवटचा प्रश्न. तपासू शकतो, पण सवयीची औषधे इथे उलटू शकतात. कुत्र्याला चालणारे तोंडावाटेचे पेनिसिलिन गिनीपिगच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मारून त्याचा जीव घेऊ शकते. त्याचे दात आयुष्यभर वाढतात, क जीवनसत्त्व त्याला रोज बाहेरून लागते, आणि दिवसभर खाणे थांबले तरी प्रकृती वेगाने ढासळते. म्हणून डॉक्टर आजारपणाआधीच हेरून ठेवावा. तिरुवैयारुच्या माणसाने चौकशीची सुरुवात तंजावर जिल्ह्यातल्याच ओरत्तनाडूपासून करावी. तिथे १८०२ मध्ये सरफोजींच्या प्रिय मुक्तांबेच्या नावाने राजघराण्याचे छत्र, म्हणजे धर्मशाळा, उभे राहिले, आणि त्याच गावी २०१२ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पाटीवरची पदवी वाचून थांबू नये. वर्षाला किती गिनीपिग तपासता, कोणती प्रतिजैविके टाळता, दात कापताना भूल कशी देता, असे थेट विचारावे. उत्तर नकारार्थी आले तरी प्रश्न फुकट जात नाही. दरबाराच्या गरजेने अश्ववैद्य घडले, सरकारच्या गरजेने गुरांचे डॉक्टर घडले. लहान प्राण्यांच्या बाबतीत ही गरज डॉक्टरांच्या कानावर घालण्याचे काम पाळणाऱ्यांनाच करावे लागणार आहे.